गार्डबाबूंच्या मुलीचा पगार

कुंदा, तू इंदूरला निघालीस त्या सकाळी दुर्ग स्टेशनवर मी तुझ्याकडे नीट पाहिलंच नाही. तुला वाटलं असेल, रडू येऊ नये म्हणून आईनं तोंड फिरवलं. तसं नव्हतं. त्या पॅसेंजरचे गार्ड म्हणजे तुझ्या कॉलेजच्या कागदावर फोटो होता त्या रेखाचे वडील होते. पांढऱ्या कपड्यात, काखेत झेंड्या धरून ते आपल्या डब्याकडेच चालत येत होते आणि मला उभं राहवत नव्हतं. त्याच्या दीड महिना आधी मी त्यांच्या घरी पोहे खाऊन आले होते, आणि त्यांच्या घरच्यांना वाटलं होतं की मी त्यांच्या मुलीला सून करून घ्यायला आले आहे.

ते खिडकीशी थांबले. तुला म्हणाले, "बेटा, नागपूरले उतरली का बाबासोबतच राहजो, पुलावर गर्दी असते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, पोरीनं पाणी भरून घेतलं ना?" मी मान हलवली. तेवढंच. शिटी झाली, गाडी हलली, बाबा तुझ्यासोबत गेले आणि फलाटावर मी एकटी राहिले. गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी येतो. त्यांनी जाताना हात वर केला. मी केला की नाही, ते आठवत नाही.

हे मी तुला पत्रात कधी लिहिलं नाही. पत्रात मी लोणचं पोचलं का, बडोद्याला थंडी आहे का, एवढंच लिहिते. आता या वहीत लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात माझ्या दादाच्या गावी जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल. त्याआधी माझ्याकडून कळावं. ही वही तुझ्याकडे पोचेल की ट्रंकेतच राहील, ते आत्ता सांगता येत नाही.

मी आर्वीकडचं गाव सोडलं तेव्हा अठराची होते. चौथीपर्यंत शिकले, पाचवी दुसऱ्या गावाला होती म्हणून शाळा तिथंच संपली. लग्न होऊन भिलाईला, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत आले तेव्हा सगळ्यात मोठा धक्का कशाचा बसला असेल तर इथं कोणीच कोणाचं नव्हतं याचा. गावात माणूस दिसला की तो कोणाचा कोण, त्याच्या आजीचं माहेर कुठलं, हे ठाऊकच असायचं. इथं आमच्या ओळीत डावीकडे केरळचे, उजवीकडे आरा जिल्ह्यातले, समोर बंगाली. माहिती हवी तर तोंड उघडून विचारावं लागे, तेही हिंदीत. माझं तोंड उघडायचं नाही. माझी आई नेहमी सांगायची, "विचारू नये बाई. बसावं. बसलं का लोक आपोआप बोलते." मी तेच करत आले. दळणाच्या रांगेत बसले, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बसले, दवाखान्यात बसले. लोक बोलायचे, मी ऐकायची. वीस वर्षं त्यावर निभलं.

तू वेगळी निघालीस. मंडळाच्या गणपतीत माइक हातात घेतलास की सोडायची नाहीस. बी.ए.चा निकाल लागायच्या आधीच तू म्हणालीस की तुला जनसंचार शिकायचं आहे. बाबांनी विचारलं, म्हणजे काय. तू सांगितलंस, वर्तमानपत्र, रेडिओ, मोठ्या कंपन्यांचं जनसंपर्काचं काम. मी पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. बोलणं हे उंचीसारखं असतं, एखाद्यात असतं, एखाद्यात नसतं, असं मी समजत होते. ते कॉलेजात शिकवतात आणि त्याचा पगार मिळतो, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

दोन कॉलेजांचे कागद आले. नागपूरचं एक वर्षाचं, संध्याकाळचा वर्ग, आत्याकडे राहून करता येण्यासारखं. इंदूरचं दोन वर्षांचं, होस्टेल, खर्च जास्त. तुला इंदूर हवं होतं. बाबांचं एकच म्हणणं होतं, जिथून निघालेल्या मुलींना चांगला पगार मिळत असेल तिथं पाठवीन, मग लांब असलं तरी चालेल. इंदूरच्या कागदावर तीन मुलींचे फोटो होते आणि खाली 'आकर्षक वेतनावर कार्यरत' असं छापलं होतं. त्यातली एक रेखा, राहणार दुर्ग. बाबांनी त्यांच्या ऑफिसातल्या कोणाकडून काढलं की ती रेल्वे कॉलनीतल्या गार्डबाबूंची मुलगी, आपल्याकडचीच, भोपाळला नोकरी करते आणि सध्या सुट्टीवर आली आहे.

बाबा म्हणाले, "परक्या माणसानं जाऊन तरण्या पोरीचा पगार विचारणं बरं दिसत नाई. बायकाईनं बायकाईले विचारावं. तू जाय." मी म्हटलं, कुंदाला सोबत नेते. तर म्हणाले, ती तिला हवं तेच ऐकून येईल.

म्हणून त्या गुरुवारी तू टायपिंगच्या क्लासला गेलीस आणि मी टेंपोत बसून एकटी दुर्गला गेले. चांगली साडी नेसले होते. पहिल्यांदा कोणाच्या घरी जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून स्टेशनजवळ पाव किलो पेढे घेतले. तुला हसू येत असेल. पण कुंदा, अनोळखी घरी चौकशीला जायची मला एकच रीत माहीत होती. माझ्या माहेरी बायका अशाच जायच्या. चांगलं नेसून, पेढे घेऊन, आणि मुद्द्याचं काही न विचारता. त्या कशासाठी जायच्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रेखाच्या आईनं दार उघडलं. टेंपोत घोकून ठेवलेलं वाक्य मी बोलले, "मी भिलाईहून आले, तुमच्या मुलीबद्दल विचारायचं होतं." बाई एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली, मग पेढ्यांकडे. मग एकदम हसली आणि "या ना जी, बसा ना" करत मला आत नेलं. कपाटातून नवे कप निघाले. शेजारच्या घरी निरोप गेला. आम्ही कोणते, कुठले, कोणत्या सेक्टरात, क्वार्टरचा नंबर काय, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चांगली माणसं आहेत, नीट चौकशी करताहेत.

मग रेखा बाहेर आली. डोक्याला ताजं तेल, हातात ट्रे. तिनं वाकून नमस्कार केला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझे कान तापले. बोलायला हवं होतं, तेव्हाच. एक वाक्य होतं, मी त्यासाठी नाही आले. ते बोलायचं सोडून मी ट्रेमधला कप उचलला. रेखाची आई विचारत होती, मुलगा पण प्लांटातच का. मी पोह्यांच्या ताटलीकडे पाहत राहिले. ती आपणच म्हणाली, "बरं बरं, पहिल्याच दिवशी सगळं कोण सांगते." माझं गप्प बसणं तिला घराण्याची रीत वाटली असावी. माझी आई म्हणायची तसंच झालं. मी बसले आणि लोक आपोआप बोलत गेले.

पगाराचंही तीच बोलली. "कॉलेजवाले छापते मोठं मोठं. सहाशे देते तिले. त्यात जाण्यायेण्याचं, खाण्याचं. नावाची नोकरी हाय जी. लग्नानंतर सोड म्हटलं तं उद्या सोडते." रेखा समोरच उभी होती. तिनं आईकडे पाहिलं, मग खाली. ट्रेमधल्या एका कपातला चहा बशीत सांडला होता, तेवढं मला दिसलं.

घरी आले. बाबांनी विचारलं, किती. मी म्हटलं, सहाशे.

कुंदा, मी ऐकलं तेच सांगितलं. पण टेंपो पॉवर हाउसच्या स्टॉपपर्यंतही पोचला नव्हता, तेव्हाच मला कळलं होतं की ते खरं नाही. आपल्याकडे मुलाचा पगार चढवून सांगतात आणि मुलीचा उतरवून. मुलापेक्षा मुलगी जास्त कमावते म्हटलं की लोक दारातून परततात. माझ्या मामेबहिणीच्या शाळेतल्या पगाराचंही असंच केलं होतं, मी तिथं बसलेली होते. तरी मी बाबांना सहाशे म्हटलं, कारण पुढचं सांगायचं तर पोह्यांचं सांगावं लागलं असतं. बाबांनी इंदूरचा कागद घडी करून ठेवला. तू विचारलंस, "किसने कहा?" मी म्हटलं, तिच्या आईनं. तीन दिवस माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाहीस, आणि तुझ्यासारखी मुलगी गप्प झाली की घर कसं होतं ते मी तेव्हा पाहिलं. बाबांनी नागपूरचा फॉर्म भरायला घेतला. टपालात टाकायला सोमवारपर्यंतचा वेळ होता. मी रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज भाजी चिरायला बसायची.

रविवारी सकाळी तू मंडळात गेली होतीस. फाटक वाजलं. गार्डबाबू आले होते, हातात रेखाच्या जन्मपत्रिकेचा लिफाफा. बाबा बाहेर गेले. मी स्वयंपाकघरात होते, हाताला कणीक. सगळं ऐकू येत होतं.

"मुलगा घरी हाय का?"

"कोणता मुलगा जी?"

"तुमचा."

"आमाले तं एकच पोरगी हाय."

गार्डबाबू हसले. त्यांना वाटलं बाबा थट्टा करताहेत. बाबाही थोडे हसले, कारण पाहुणा हसत होता. मग दोघंही थांबले आणि बाहेर काहीच ऐकू येईना. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली तेवढी लग्नात अनोळखी माणसासोबत गाडीत बसतानाही वाटली नव्हती. मी तशीच बाहेर गेले, कणकेच्या हातानं, डोक्यावर पदर नाही. म्हटलं, "मी पगार विचारायला गेले होते. कुंदाच्या कॉलेजसाठी. आम्हाला मुलगा नाही. मला तिथं बोलता आलं नाही." परक्या पुरुषासमोर मी एवढं सलग कधी बोलले नव्हते.

बाबा माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या ओळखीचीच नाही. गार्डबाबूंनी लिफाफा हळूच खिशात ठेवला. म्हणाले, "वहिनी, पुढच्या स्टेशनची लाइन क्लिअर न घेताच गाडी सोडली तुमी." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बाबांनी माफी मागितली, पाणी आणायला सांगितलं, आणि शरमेतच बोलून गेले की आमचीच चूक, एवढ्या सहाशे रुपयांच्या नोकरीसाठी उगाच तुम्हाला त्रास.

"सहाशे?" गार्डबाबूंनी मान वर केली. "कोणं सांगतलं?"

त्यांना आपणच कळलं. म्हणाले, "तिच्या मायनं सांगतलं असन. अठराशे भेटते माझ्या पोरीले."

बाबा खुर्चीवर बसले. वीस वर्षं प्लांटाच्या स्टोअरमध्ये कारकुनी करून त्यांचा हातात येणारा पगार त्याहून थोडाच जास्त होता. त्यांनी मला काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. सोमवारी नागपूरचा फॉर्म टपालात गेला नाही. तुला त्यांनी एवढंच सांगितलं की चौकशी चुकीची झाली होती.

पण गोष्ट तिथं संपली नाही. मंगळवारी मी पुन्हा दुर्गला गेले. कोणी सांगितलं नव्हतं. पेढे नेले नाहीत. रेखाच्या आईनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. म्हणाली, शेजारणींना आता काय सांगू ते तुम्हीच सांगा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, माझी चूक झाली. ती बाई बोलत राहिली, आणि तिचं सगळं बरोबर होतं. शेवटी रेखाच मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तुझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल.

ती म्हणाली, "काकू, तुमचं मले काही नाई वाटलं. स्थळं येते, जाते. पण माझ्या मायनं माझ्यासमोर माझा पगार सहाशे केला, ते मले लागलं. पहिला पगार तिच्याच हातात देल्ला होता मी."

मग तिनं आपणहून विचारलं, मुलगी कुठं जाणार आहे. मी इंदूर म्हटलं. ती फाटकाला टेकून म्हणाली, "कागदावर आमा तिघींचे फोटो हायेत. वर्गात एकवीस जणी होतो. बाकी अठरा जणी काय करून राहिल्या, ते तिले विचारायला सांगा. मी लिहून देते पत्ते." तिनं आतून कागद आणून सात-आठ पत्ते लिहून दिले. तो कागद मी तुला दिला तेव्हा कुठून आला ते सांगितलं नाही. तू सगळ्यांना पत्रं टाकलीस. पाच जणींची उत्तरं आली. दोघी छोट्या वर्तमानपत्रात जेमतेम पैशावर, एक आकाशवाणीत रोजंदारीवर, एक घरी, एकीला मात्र रेखाहून जास्त. तू ती पत्रं बाबांच्या पुढ्यात ठेवलीस आणि म्हणालीस, हे असं आहे, तरी मला जायचंय. बाबांनी पाचही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, जाय. छापलेल्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, पण घरी बसलेल्या मुलीनंही खरं लिहिलं, याचं त्यांना फार वाटलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. इंदूर, मग बडोद्याची नोकरी. आता दिवाळीला येतेस तेव्हा तुझ्या मराठीत हिंदी असते, हिंदीत गुजराती, आणि फोनवर ऑफिसच्या माणसांशी इंग्रजी बोलतेस तेव्हा मी उगाच दारापाशी उभी राहते. काही समजत नाही. ऐकायला बरं वाटतं.

आता गावचं. दादाच्या मुलाच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. दादानं तुझ्यासाठी अमरावतीचं स्थळ पाहून ठेवलं होतं, मुलगा शेतकी खात्यात. मुलाची आई आणि मावशी हळदीच्या दिवशी मुद्दाम आल्या. वहिनीनं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "पोराले चार हजार हाय. कुंदीचा विचारतीन तं अडीच सांगजो." मी हूं म्हटलं. खरंच सांगते, मी अडीचच सांगणार होते. लग्नघरात कशाला वाद.

त्या बसल्या. चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, मुलीला किती मिळतात. मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे गार्डबाबूंच्या घरातली ती पोर आली, हातात ट्रे घेऊन खाली पाहणारी. मी म्हटलं, "साडेपाच हजार."

वहिनी मोठ्यानं हसली. म्हणाली, "आमच्या भिलाईवाल्या नणंदेले हजाराचं काही समजत नाई." त्या बाईनं पुन्हा विचारलं, मला नीट कळलं आहे ना म्हणून. मी पुन्हा तोच आकडा सांगितला, आणि एवढंही सांगितलं की पुढच्या वर्षी वाढणार आहे. मावशी म्हणाली, "मंग आमच्या पोट्ट्यानं काय करावं, घरी बसून भांडे घासावे?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघी लग्नाला थांबल्या नाहीत.

दादा मला म्हणाला, "तू भिलाईचीच होऊन गेली बाई." रागानं म्हणाला. इथं भिलाईत आम्हाला इतकी वर्षं नागपूरवाले म्हणतात, मी नागपूरला कधी राहिलेले नसताना. तिथं भिलाईवाली. कुठलीच नाही असं वाटायचं मला, आणि त्याचं वाईटही वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

तुझ्या बाबांची दोन वर्षांनी रिटायरमेंट आहे. क्वार्टर सोडावं लागेल. दादानं त्याच्या घरालगतची जागा देऊ केली होती आणि बाबांच्या मनात तेच होतं, म्हातारपणी आपल्या माणसांत राहू. परतताना गाडीत गोंदियाच्या पुढे मी त्यांना म्हटलं की मला तिथं राहायचं नाही. भिलाईलाच मरोद्याच्या बाजूला, नाहीतर दुर्गमध्ये दोन खोल्या बघा. आपली माणसं गावातच आहेत, ते मी नाही म्हणत नाही. पण ज्या घरात आपल्या पोरीचा पगार कमी करून सांगावा लागतो, तिथं मला माझं म्हातारपण नको. बाबा म्हणाले, दुर्गमध्ये पाण्याचा त्रास आहे, मरोद्याकडेच बघू.

तर कुंदा, ते स्थळ गेलं. कोणी सांगेल, तुझ्या आईनं घालवलं. हो, मीच घालवलं. मुलगा फोटोत दिसायला चांगला होता, तेही सांगून टाकते.